६बीच्या रांगेत एक ६सी : कर्नलमधल्या यूज-आफ्टर-फ्रीचा माझा अनुभव

लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तीनदा कोसळला आणि तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी : एकदा फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये, एकदा नेटवर्कच्या, तर एकदा प्रोसेस संपता संपता. प्रत्येक ऊप्समधला (कर्नल कोसळताना छापतो त्या अहवालातला) स्टॅक ट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी, निर्दोष दिसत होता, आणि तो कोड खरोखरच निर्दोष होता. समान धागे दोनच. बिघडलेलं ऑब्जेक्ट दर वेळी केमॅलॉक-२५६ या कॅशमधलं (२५६ बाइटांपर्यंतच्या मेमरीच्या तुकड्यांच्या साठ्यातलं) होतं, आणि त्याआधी काही मिनिटांत एका पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर अनबाइंड केलेला, म्हणजे कार्डापासून सोडवलेला, होता. असं चित्र दिसलं की मी ट्रेस बाजूला ठेवतो. त्यात दिसतो तो मार खाल्लेला कोड. मारणारा केव्हाच निघून गेलेला असतो. यूज-आफ्टर-फ्री म्हणजे हेच : सोडून दिलेली मेमरी कोणीतरी पुढेही वापरत राहतं.

पहिलं काम म्हणजे सिरियल कन्सोल जोडणं, कारण ऊप्सनंतर लॉग डिस्कपर्यंत पोचेलच असं नाही. मग बूट करताना स्लब-डीबगला (स्लब म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) एफ, झेड, पी, यू ही चार अक्षरं दिली आणि स्वल्पविराम देऊन फक्त केमॅलॉक-२५६चं नाव लिहिलं. एफ म्हणजे सुसंगतीची तपासणी, झेड म्हणजे ऑब्जेक्टच्या कडेचा रेड झोन (हद्द ओलांडली तर कळावं म्हणून ठेवलेली पट्टी), पी म्हणजे पॉयझन, आणि यू म्हणजे ही मेमरी कोणी घेतली नि कोणी सोडली याची नोंद. एकाच कॅशपुरतं चालू केल्याने बाकीचं मशीन नेहमीच्या वेगाने चालतं. वेग फार बदलला तर वेळेच्या शर्यतीतून येणारा बग लपून बसतो.

पॉयझन चालू असताना सोडलेल्या ऑब्जेक्टचा प्रत्येक बाइट ६बी (हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा) होतो, फक्त शेवटचा ए५. मग ड्रायव्हर बाइंड-अनबाइंड करायची स्क्रिप्ट लावली. दर फेरीनंतर सिसएफएसमधल्या (कर्नलच्या आतल्या गोष्टी फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) त्या कॅशच्या व्हॅलिडेट फाइलीत १ लिहायचं. तसं केलं नाही तर स्लबला गडबड कळते ती तेच ऑब्जेक्ट पुन्हा वाटताना, म्हणजे कधीही. काही फेऱ्यांनी ‘पॉयझन ओव्हररिटन’ असा रिपोर्ट आला. सोळा-सोळा बाइटांच्या ओळींमध्ये सगळीकडे ६बी, आणि नवव्या ओळीतला नववा बाइट तेवढा ६सी.

या एका बाइटावर थांबायला हवं. कोणी पॉइंटर लिहिला असता तर आठ बाइट बदलले असते. कचरा लिहिला असता तर आकडा कसाही आला असता. ६बीचा ६सी होणं म्हणजे कोणीतरी जुन्या किमतीत एक मिळवला आहे. लिटल एंडियन मशीनवर सर्वांत खालचा बाइट आधी येतो, म्हणून बदल फक्त त्या बाइटात दिसतो. हा मेलेल्या मेमरीवर चाललेला काउंटर होता. ऑफसेट १३६. ‘यू’मुळे खालीच छापलं होतं की मेमरी ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (कार्ड जोडतानाचं फंक्शन) घेतली आणि रिमूव्हमध्ये (सोडवतानाचं फंक्शन) सोडली. पाहोल या साधनाने त्या स्ट्रक्चरची मांडणी काढली : आकार २१६ बाइट, आणि १३६वर पोल-काउंट.

पोल-काउंट वाढवणारी जागा एकच. डिलेड वर्कचं (ठरावीक वेळाने चालणाऱ्या कामाचं) फंक्शन कार्डाचं रजिस्टर वाचतं, १०० मिलिसेकंद झोपतं, काउंटर वाढवतं आणि २ सेकंदांनी स्वतःलाच पुन्हा रांगेत लावतं. रिमूव्हमध्ये ‘कॅन्सल डिलेड वर्क’ होतं, पण शेवटी ‘सिंक’ नसलेलं. ते रांगेतलं काम काढतं. चालू असलेलं काम संपायची वाट पाहत नाही. काम झोपलेलं असताना केफ्री झालं, म्हणजे मेमरी सोडली गेली, की संपलं. ही फट साधारण २१ फेऱ्यांत एकदा सापडते. झोप तात्पुरती १५०० मिलिसेकंद केल्यावर पाचांतून दोनदा सापडू लागली.

एक गंमत इथे नोंदवतो. काम आधीच रांगेत आहे की नाही, हे वर्क स्ट्रक्चरच्या डेटातल्या शून्याव्या बिटावरून ठरतं. ६बी म्हणजे ०११०१०११, त्यामुळे तो बिट नेमका १. पॉयझन असताना कर्नलला वाटतं की काम रांगेत आहेच, आणि ते पुन्हा लागत नाही. पॉयझन नसताना तीच जागा दुसऱ्या कोणी शून्यं भरून घेतली, तर तिच्या पोटात आपला टायमर जाऊन बसतो. तीन कोसळण्यांतली नासधूस त्यातून आली होती. डीबगचा पर्याय लावल्यावर बग सौम्य दिसला, म्हणून तो सौम्य असतोच असं नाही.

‘सिंक’वालं फंक्शन घातलं. स्वतःला पुन्हा लावणारं कामही ते नीट थांबवतं. एवढ्यावर पॅच पाठवायचा मोह होतोच, पण आधी कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल पुन्हा बांधला. कासान दर ८ बाइटांमागे १ बाइटाची सावली ठेवतो, म्हणजे मेमरीचा आठवा भाग तिकडे जातो. बदल्यात चूक करणारी सूचना जागेवरच पकडली जाते. सोबत शेअर्ड इंटरप्टचा (अनेक उपकरणांनी वाटून घेतलेल्या हार्डवेअरच्या इशाऱ्याचा) डीबग पर्यायही लावला. शेअर्ड इंटरप्ट मोकळा करताना हा पर्याय त्याचा हँडलर (इशारा आला की चालणारं फंक्शन) मुद्दाम एकदा जास्त चालवून पाहतो. लोक हा पर्याय विसरतात.

पहिल्याच अनबाइंडला कासान ओरडला, आणि या वेळी इंटरप्ट हँडलरमध्ये. कारण मिश्रणाचं होतं. मेमरी हाताने घेतलेली आणि हाताने सोडलेली, पण इंटरप्ट डेव्हएम पद्धतीने, म्हणजे सोडायचं काम कर्नलवर सोपवून, मागितलेला. डेव्हएमच्या गोष्टी रिमूव्ह संपल्यावर सुटतात. म्हणजे केफ्री झाल्यावरही हँडलर जिवंत, आणि तोही तेच काम रांगेत लावणारा. त्यामुळे काम कितीही नीट थांबवा, मागच्या दाराने ते परत येणार.

शेवटी रिमूव्हमधला क्रम असा लावला : कार्डाच्या रजिस्टरमधून इंटरप्ट बंद, मग डेव्हएम फ्री आयआरक्यू (इंटरप्ट सोडणारं फंक्शन), मग सिंकवालं कॅन्सल, आणि सर्वांत शेवटी केफ्री. कामाला जन्म देणारा आधी थांबला पाहिजे, मग काम, मग मेमरी. सगळंच डेव्हएमवर नेता आलं असतं, पण स्टेबल शाखांमध्ये (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्त्यांमध्ये) जाणारा पॅच जितका लहान तितका बरा.

लगेच लॉकडेप, म्हणजे कुलपांचा क्रम तपासणारं कर्नलचं साधन, तक्रार करू लागला. रिमूव्ह जो म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून सिंकची वाट पाहत होता, तोच म्यूटेक्स काम मागत होतं. दोघं एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकले असते. अनलॉक दोन ओळी वर नेलं.

फिक्सेस ओळीसाठी (चूक कोणत्या कमिटने आणली हे पॅचमध्ये सांगणारी ओळ) मी बायसेक्ट केलं नाही, म्हणजे कमिटांची यादी निम्मी-निम्मी करत शोधलं नाही. वेळेवर अवलंबून असलेल्या बगमध्ये एक खोटा ‘गुड’ पडला की पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो. गिट ब्लेमने (कोणती ओळ कोणत्या कमिटने आणली हे दाखवणारी आज्ञा) इंटरप्ट डेव्हएमवर नेणारा सफाईचा कमिट दाखवला, त्याच्या हॅशची १२ अक्षरं लिहिली. सिंक नसलेलं कॅन्सल त्याहून जुनं, ड्रायव्हर आला तेव्हापासूनचं, म्हणून त्याचा पॅच वेगळा.

आणि प्रोब फसल्यावरची वाट राहिली होतीच. इंटरप्ट मिळाल्यावर पुढची पायरी फसली तर तिथेही थेट केफ्री होतं, तोच बग. फेलस्लॅबने मुद्दाम ॲलोकेशन फसवून तो दाखवता आला. मग तिथेही तोच क्रम लावला आणि कासान, लॉकडेप, फेलस्लॅब चालू ठेवून १००० फेऱ्या काढल्या. लॉग रिकामा आला.