रॉयबॉसची पारख

केपटाउनला राहायला आल्यावर संध्याकाळचा चहा मला बंद करावा लागला, झोप उडायची. शेजारणीने रॉयबॉस सुचवला. त्यात कॅफिन मुळातच नसतं, कारण ती चहाची पानं नव्हेतच. सीडरबर्गच्या डोंगराळ भागातल्या, शेंगवर्गीय कुळातल्या एका झुडपाची ती सुईसारखी पानं. पण दोन दुकानांतल्या दोन पाकिटांची चव इतकी वेगळी लागली की त्यातलं बरं-वाईट समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना.

उलगडा झाला तो क्लॅनविल्यमजवळच्या एका शेतावर. कापलेल्या डहाळ्या तिथे बारीक चिरतात, चेचतात, त्यांवर पाणी मारतात आणि उघड्या अंगणात ढीग घालून रात्रभर मुरू देतात. हिरवा पाला तांबडा होतो तो या ढिगात. शेतमालकांनी मलाही त्यात हात घालायला लावला. आतला पाला चांगलाच उबदार होता. मूठभर नाकाशी नेली तर मधाचा वास! वास अजून हिरवट असेल तर थांबायचं, गोड झाला की उन्हात पातळ पसरायचं. ही वेळ साधणं हीच सगळ्यात मोठी कारागिरी, असं मला तिथे पटलं.

घरी आल्यावर पाकिटं पांढऱ्या ताटलीत ओतून पाहिली. फिकट काड्या जास्त असल्या की चव पातळ लागते. रंगावर मात्र जाऊ नका: बारीक चुरा झटकन गडद उतरतो, म्हणून तो चांगला ठरत नाही. सारखंच वजन, सारखंच उकळतं पाणी, पाच-सात मिनिटं झाकण. मग कोराच घोट घ्यायचा. चांगल्यात मध, लाकूड आणि जिभेवर किंचित तुरटपणा; हलक्यात कडब्याचा किंवा कुबट वास. जास्त वेळ ठेवला तरी आपल्या चहासारखा कडू होत नाही, ही मोठी सोय. न मुरवलेला हिरवा रॉयबॉस वेगळाच, पिवळसर आणि गवताळ. मला तो फारसा रुचला नाही.

जर्मनीतला माझा भाऊ विचारत होता, तिकडे मिळतो तो अस्सल का? 2021 पासून युरोपीय संघात हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या ठरावीक भागातल्या पाल्यालाच लावता येतं. पण त्यातून माल कुठला ते कळतं, कसा आहे ते नाही. म्हणून त्याला सांगितलं, आधी लहान पाकीट घे आणि दूध न घालता पिऊन बघ.