कोर्सनंतरची वही: पावसाळ्यातली नोंद

स्टेरॉइडचा कोर्स बंद केल्यानंतरचे आकडे आधी, मग बडबड. वजन ८८ वरून ८३. बेंच प्रेस १३० किलोंचा १०५ वर आलाय आणि तिथेच अडकलाय. स्क्वॉट १६० ला टिकून, पाय पहिल्यापासून हट्टीच. सकाळचं बीपी १४८/९२ असायचं, आता १२८/८०. हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के) ५४ वरून ४७. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, २१ वरून ३९. एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन) मात्र अजून २.१ आणि टेस्टोस्टेरॉन २९०. मेंदूकडून हुकूम सुटू लागलेत, पण कारखाना अर्ध्याच पाळीवर चालतोय. एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोन्सच्या डॉक्टर) मॅडम म्हणतात, वर्षभरही लागू शकतं. मधले काही आठवडे मन पार बसलं होतं. तेही त्यांना सांगितलं. तुम्हीही सांगा, लपवू नका.

एचडीएल पाडलं ते गोळ्यांनी. स्टॅनोझोलॉल, मेथँडिएनोन वगैरेंची रचना यकृतात लगेच मोडू नयेत अशी बदललेली असते. त्याचा भुर्दंड यकृत आणि एचडीएल भरतात. ‘लिव्हर सपोर्ट’च्या कॅप्सूल खाऊन एचडीएल वर येत नाही, कितीही महागाच्या घ्या.

रिपोर्ट बघून घाबरणारे आणि रिपोर्ट बघून निर्धास्त होणारे, दोन्ही आपल्यात भरपूर. यकृतासाठी बघतात ती एसजीओटी, एसजीपीटी ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात. आदल्या दिवशी जड डेडलिफ्ट मारून रक्त दिलं तर ती वाढलेलीच दिसणार. जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम सोबत करा, ते स्नायूंतून येत नाही. मूत्रपिंडासाठी बघतात त्या क्रिएटिनिनचंही तसंच: अंगावर मांस जास्त, तर आकडा जास्त. शंका असेल तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाची दुसरी तपासणी विचारा. मी आता काही दिवस व्यायाम बंद ठेवून, सकाळीच नमुना देतो. टेस्टोस्टेरॉन दुपारी तपासण्यात अर्थ नाही.

हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेलं, तर डॉक्टर स्वतः लिहून दिलेलं टेस्टोस्टेरॉनही थांबवतात. आपल्याकडे मात्र रक्तदान करून आकडा खाली आणायचा आणि कोर्स चालूच ठेवायचा, ही पद्धत. त्याने लोह संपतं, मूळ कारण जागच्या जागी.

आणि रक्तात हृदय दिसत नाही. ‘सगळं नॉर्मल आहे भावा’ म्हणणाऱ्यांपैकी इको (हृदयाची सोनोग्राफी) किती जणांनी केलाय? २०१७ साली अमेरिकेत १४० वेटलिफ्टर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड घेणाऱ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) सरासरी ५२ टक्के, न घेणाऱ्यांचं ६३. चालू कोर्सवाल्यांचं आणखी खाली, बंद केलेल्यांचं त्याहून बरं. माझं कोर्सवर असताना ४९ होतं, या वेळी ५६. मला बेंचच्या २५ किलोंपेक्षा हे ७ टक्के प्यारे आहेत, हसायचं तर हसा.

आमच्या जिममधल्या पोरांत आता मेफेंटरमाइनची इंजेक्शनं फिरतायत. ते स्टेरॉइड नाहीच. भूल दिल्यावर पडलेलं बीपी वर आणायचं औषध आहे ते. वर्कआउटआधी ठोकून आधीच वाढलेल्या बीपीवर आणखी चढवायचं, याला काय म्हणावं? त्यात एकाच सुईत दोघं-तिघं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही असेच पसरतात. घेतलंच असेल तर निदान या तिन्ही तपासण्या करून घ्या.

पीसीटीबद्दल, म्हणजे कोर्सनंतर शरीराचं टेस्टोस्टेरॉन पुन्हा सुरू करायला घेतात त्या औषधांबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलंय. मॅडमनी सध्या काही दिलेलं नाही, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मेडिकलमधून त्यातलंच क्लोमिफेन आपापलं आणणाऱ्यांनी मला डोस विचारू नये. पुढचं एलएच दिवाळीआधी करणार, सोबत वीर्यतपासणी. बेंच तोवर १०५ वरच, पण पॉज देऊन, म्हणजे बार छातीवर क्षणभर थांबवून.