समोर बिल्डिंग दिसत होती

चौदा माणसं घेऊन निघाले होते. कान्हेरीच्या वरच्या अंगाला, कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढीपाशी सगळ्यांना बसवलं आणि डोकी मोजली. तेरा. पुन्हा मोजली, या वेळी एकेकाकडे बोट करून. तेराच. घड्याळात सव्वादहा झाले होते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लोकांना निसर्गवाटांवर नेणं हे माझं काम. नऊ वर्षं करतेय. ही गोष्ट २९ सप्टेंबर २०२४ च्या रविवारची. पितृपक्ष चालू होता, तरी सगळ्या जागा भरल्या होत्या, कारण कारवी फुलली होती. आपल्याकडच्या डोंगरात ती आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला फुलली, मग २०२४ ला, आता पुढची २०३२ ला. फुललं की झुडूप वाळून जातं. आयुष्यात एकदाच फुलायचं आणि तेही सगळ्यांनी एकदम, त्यामुळे उतारच्या उतार निळेजांभळे होतात. ते बघायला माणसं येतात याचा मला मनापासून आनंद होतो.

जागेवर नव्हते ते सत्तरीचे एक काका. सडपातळ, अबोल, गळ्यात कॅमेरा. सकाळी निघताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "वरच्या बाजूला अजून फुलं असतील का हो?" मी म्हटलं होतं, "असतील की." माझं ते उत्तर पुढचे चार तास माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

चूक माझीच होती. एका मुलाच्या बुटाचा सोल निघाला. पावसाळ्यात भिजून सुकलेले बूट असेच उघडतात. सोल बांधायला सुतळी बॅकलीडच्या, म्हणजे रांगेच्या अगदी शेवटी चालणाऱ्या आमच्या माणसाच्या सॅकमध्ये होती, म्हणून मी त्याला शेवटून पुढे बोलावलं. दहा मिनिटं, फार तर बारा, रांगेच्या मागे आमचं कोणीच नव्हतं. तेवढ्यात काका फोटोसाठी एका फाट्यावर वर सरकले.

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा त्यांनी उचलला. आवाजात जराही घाबरटपणा नव्हता. "अहो, काळजी करू नका. मला समोर बिल्डिंग दिसतेय. निळ्या काचांची, वर क्रेन आहे. तिकडे उतरलो की हायवेच लागेल. मी रिक्षाने गेटवर येतो." मी "काका, उतरू नका" म्हणेपर्यंत फोन कट झाला होता.

माझ्या पोटात गोळा आला तो हे ऐकून. बाकी सगळे बिबट्याचं बोलत होते. बिबटे आहेतच, २०१८ च्या कॅमेरा ट्रॅपच्या पाहणीत या जंगलात आणि आसपास ४७ नोंदले गेले होते. पण भर सकाळी धडधाकट माणसाला त्यांचं भय मानायचं कारण नाही. मला भय वाटत होतं त्या बिल्डिंगचं. हे जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या एका अंगाला बोरिवली, कांदिवली, मालाड, दुसऱ्या अंगाला भांडुप, मुलुंड, ठाणे. कुठल्याही धारेवर उभं राहा, एखादा टॉवर दिसतोच. राजगड-तोरण्याच्या वाटेवर माणूस चुकला की त्याला चुकल्याचं कळतं, तो थांबतो, हाका मारतो. इथे चुकलेल्याला शहर समोर दिसत असतं, म्हणून तो थांबतच नाही. नाकासमोर उतरत राहतो. आणि नाकासमोरच्या उतारावर घळी आहेत. पावसाचं पाणी घळीतून जातं आणि मध्येच कड्यावरून खाली पडतं. शेवाळलेल्या कातळावरून दहा फूट घसरत खाली येता येतं, तेच दहा फूट परत चढता येत नाहीत. मग खाली कडा, वर शेवाळ आणि समोर बिल्डिंग.

बाकीच्यांना बॅकलीडबरोबर लेण्यांकडे परत पाठवलं आणि वनरक्षकांना फोन केला. अकराच्या आत ते आले. बरोबर उद्यानातल्याच एका पाड्यावर राहणारे वारली मामा होते, वनमजूर. मी त्यांना कित्येक वर्षं ओळखते. मी घाईघाईने सगळं सांगायला लागले तर म्हणाले, "बाय, आधी पाणी पी."

काका जिथे मागे राहिले असावेत त्या टप्प्यात उजवीकडे चार ढोरवाटा फुटत होत्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, चार पावलांवर कारवीत शिरून नाहीशा होणाऱ्या. कारवी तिथे डोक्याच्या वर जाते. आत शिरलं की आपली पावलं दिसत नाहीत आणि आभाळाची फक्त पट्टी दिसते. मी हाका मारत पहिल्याच वाटेत घुसणार होते. मामांनी दंड धरून मागे ओढलं. "जाळं बघ."

वाटेच्या तोंडावर, माझ्या छातीपासून डोक्याच्या वरपर्यंत, जायंट वूड स्पायडरचं जाळं ताणलेलं होतं. पावसाळा सरताना या वाटांवर ती सगळीकडे असतात. मादी पाय धरून तळहाताएवढी, काळी-पिवळी, आणि धागा इतका चिवट की माणूस त्यात घुसला तर तुटण्याचा चरचर आवाज येतो. जाळं अख्खं होतं. म्हणजे इथून कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्या वाटेवरही अख्खं. तिसऱ्या वाटेवर मात्र मधोमध फाटलेलं. मादी वरच्या फांदीला जाऊन बसली होती, पिवळसर धागे वाऱ्यावर लोंबत होते. खाली चिखलात बुटाचा ठसा, टाच खोल गेलेली. मी नऊ वर्षं लोकांना ही जाळी दाखवत आले. मादी केवढी, नर कसा इवलासा, रेशीम किती मजबूत, सगळं तोंडपाठ. त्यांच्यावरून माणसाची वाट शोधता येते हे मला त्या दिवशी कळलं.

आत शिरलो. कारवीच्या फुलांचे गुच्छ चिकट असतात, त्यांना उग्र वास असतो. दहा मिनिटांत हात, बाह्या, केस, सगळं त्या चिकाने माखलं. मोडलेल्या काठ्या वाट दाखवत होत्या. मामा मोडलेल्या जागी नुसतं बोट टेकवत आणि पुढे जात. मध्ये एकदा म्हणाले, "चकवा नाय लागलेला. सरळ गेलाय तो." सरळ गेलाय हीच तर माझी काळजी होती. धारेवर आलो तेव्हा ती निळ्या काचांची बिल्डिंग मलाही दिसली, अगदी हाताच्या अंतरावर असल्यासारखी. इथून पुढे उघडा कातळ आणि गवत. ठसे संपले.

सोंडा दोन होत्या, दोन्ही बिल्डिंगकडेच उतरणाऱ्या, मधोमध घळ. मी पुन्हा फोन लावला. लागला. या वेळी आवाज बारीक झाला होता. "मला पुढे जाता येत नाहीये. मागेही येत नाहीये."

मामांनी फोन घेतला. कुठे आहात, काय दिसतंय, असलं काहीही विचारलं नाही. "तोंड बिल्डिंगकडे करा. पाणी कुठल्या हाताला वाजतंय?"

"उजव्या."

"बसून राहा. उठू नका." फोन माझ्या हातात देऊन ते डावीकडच्या सोंडेवर चालायलाही लागले. आपण काय दिसतं ते विचारत बसतो. धारेच्या या बाजूने सगळ्यांना तीच बिल्डिंग दिसते. पाणी मात्र एकाच बाजूला वाजतं.

शिट्टीला उत्तर मिळालं तेव्हा पाऊण वाजला होता. काका कड्याच्या माथ्यावर, दोन हात रुंद फरशीवर, कारवीचा एक बुंधा धरून बसले होते. पाय आखडून घेतलेले. त्यांच्या पुढे तीन पावलांवर पाणी खाली पडत होतं, तीस-चाळीस फूट तरी असेल. तळव्यांची सालं निघालेली, सदऱ्यावर निळ्या पाकळ्या चिकटलेल्या. वनरक्षकांनी वरच्या झाडाला दोरी बांधली, मी तिला धरून खाली उतरले. पहिलं काम म्हणजे त्यांच्या छातीभोवती दोरी. पाणी, धीर, सगळं त्यानंतर. मग मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं दिलं. अर्ध्या लिटरची बाटली त्यांनी दहालाच संपवली होती. पोटऱ्यांत गोळे येत होते. त्यांनी तो बुंधा सोडावा म्हणून मला त्यांची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

"मी चाळीस वर्षं कांदिवलीला राहतो हो," ते म्हणाले. "खिडकीतून हाच डोंगर दिसतो."

दोरी ताणून धरत, एकेक पाऊल ठेवत वर यायला पाऊण तास लागला. वर आल्यावर त्यांनी मामांना वाकून नमस्कार करायला घेतला, मामा दोन पावलं मागे सरकले. सगळे लेण्यांपाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. त्या मुलाची आई अजून थांबली होती. तिने डबा उघडून पोळीभाजी काकांच्या पुढे ठेवली.

त्या दिवसापासून बॅकलीड काहीही झालं तरी मागेच राहतो, सुतळी माझ्या सॅकमध्ये असते आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. निघण्यापूर्वी मी साप-बिबट्यांच्या आधी हे सांगते की चुकलात तर थांबा, बसा आणि समोर दिसणाऱ्या बिल्डिंगकडे अजिबात उतरू नका. लोकांना जरा नवल वाटतं.

पुढच्या रविवारी त्याच वाटेने गेले. तिसऱ्या फाट्यावर जाळं पुन्हा विणलेलं होतं, अख्खं, मधोमध मादी. मी तिथे सगळ्यांना थांबवलं आणि डोकी मोजली.