पुठ्ठ्याचे दोन मदरबोर्ड

गेले तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन मदरबोर्ड पडून होते. पुठ्ठ्याचे. कॉम्प्युटरचे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी म्हणजे मदरबोर्ड, आणि नव्या कॉम्प्युटरसाठी दोघांतला कोणता घ्यायचा ते ठरत नव्हतं. सासूबाईंनी एकदा त्यातल्या एकावर दुधाचं गरम पातेलं टेकवलं आणि वर मलाच विचारलं, "हे ठेवायचंय का टाकायचंय?" पातेल्याखाली सापडला तो काळा बोर्ड. शेवटी घेतला तो दुसरा, पण त्याचं कारण पातेलं नाही.

मी डीटीपी करते. सांगलीत, गावभागात, घरातच. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, एखाद्या निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्र, असली कामं. गावभाग म्हणजे नदी हाकेच्या अंतरावर. २००५ साली कृष्णा आयर्विन पुलापाशी पावणेचोपन्न फुटांच्या आसपास गेली होती. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. त्या पाण्याची रेघ आमच्या भिंतीवर होती आणि त्या रेघेवर आमचा देवासारखा विश्वास होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा मी मशीन उचलून रेघेच्या वर येईल अशा टेबलावर ठेवलं आणि निश्चिंत झाले. कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली. टेबल, मशीन आणि त्यातले सतरा वर्षांचे मजकूर, सगळं गाळात.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तेच सुरू झालं. या वेळी शहाणपणा करून भाच्याला बोलावलं आणि भला मोठा टॉवर वरच्या मजल्यावर न्यायला काढला. आमचा जिना लाकडी, अरुंद, मध्येच वळणारा. वळणावर कॅबिनेट कठड्याला आदळलं आणि आतली चिप थंड ठेवणारा जड कूलर आपल्या पकडीसकट निखळला. पाण्यानं नाही मेलं, आम्ही मारलं.

तेव्हाच ठरवलं, पुढचं मशीन एका हाताने जिना चढेल असंच घ्यायचं. मग लॅपटॉपच का नाही? हे मला आतापर्यंत निदान पंधरा जणांनी विचारलंय. कारण मला मोठा पडदा लागतो, दोन लागतात, आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता यायला हवा. लॅपटॉपचा बोर्ड गेला की सगळंच गेल्यात जमा.

आमच्याकडे त्या अख्ख्या खोक्यालाच सीपीयू म्हणतात. "सीपीयू उचलून आण" म्हटलं की माणूस खोका घेऊन येतो. त्यामुळे दुकानात जाऊन "सीपीयू ठरलाय, बोर्ड ठरत नाही" असं म्हटलं की समोरचा दोन सेकंद थांबतो. तर खरा सीपीयू, म्हणजे आतली मुख्य चिप, ठरला होता: रायझन ५ ८६००जी. २०२४ च्या जानेवारीत आलेला, सहा कोअरचा, ६५ वॅटचा. ग्राफिक्स त्याच्या पोटातच. माझं काम पानं लावण्याचं आणि जुने फोटो साफ करण्याचं. त्याला वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही, आणि कार्ड नसलं की खोका लहान होतो. ८५००जी थोडा स्वस्त पडत होता, पण त्यात पीसीआयई लेन, म्हणजे माहितीच्या ये-जा करायच्या वाटा, कमी आहेत, म्हणून सोडला.

बोर्ड मिनी-आयटीएक्स हवा, हेही ठरलं. १७० बाय १७० मिलिमीटर. व्हीआयए या तैवानी कंपनीनं २००१ साली हे माप आणलं आणि ते टिकलं. सांगलीतल्या माझ्या नेहमीच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "आयटीएक्स सांगलीत कोण घेतंय ताई? मागवायला लागतंय. आणि एकदा मागवलं की परत जात नाही बघा, आधीच सांगतो." म्हणजे हाताळून बघणं नाही, बदलून घेणं नाही. फोटो बघायचे आणि ठरवायचं.

चाळणी लावून लावून दोन उरले. दोन्ही बी६५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप), दोघांना रॅमचे दोनच खाचे, दोघांना एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. एक काळा, १८,५०० रुपये. दुसरा रुपेरी, १९,७००. कंपन्यांची नावं सांगत नाही, कारण पुढं एकीची तक्रार करणार आहे.

भाचा काळ्याच्या बाजूचा. तो इंजिनिअरिंगला आहे आणि रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघतो. "मावशी, काळ्याला जेन ५ चा एम डॉट टू आहे. रुपेरीला जेन ४ च. आणि तो बाराशेनं महाग पण आहे. यात विचार काय करायलीस?" एम डॉट टू म्हणजे पट्टीसारखी एसएसडी डिस्क बसवायचा खाचा, आणि जेन ५ म्हणजे पीसीआयईची पाचवी, जास्त वेगाची पिढी. ऐकायला बरोबर होतं. मग मी ८६००जी ची माहिती नीट वाचली. त्याच्या लेन पीसीआयई ४.० च्याच आहेत. त्या खाचात जेन ५ ची एसएसडी बसवली तरी ती चालणार चारच्याच वेगानं. रस्ता सहापदरी, पण वाहन बैलगाडी! भाचा म्हणाला, "पण पुढं सीपीयू बदललास तर?" यातही तथ्य होतं. सीपीयू ज्यात बसतो ते एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढंही चालवू असं रायझन बनवणाऱ्या एएमडीनं सांगितलंय. पण मी आयुष्यात एकदाही सीपीयू बदललेला नाही. मशीन बुडतं किंवा आपटतं, तोवर तोच चालतो.

दुसऱ्या बाजूनं रुपेरीला साटाचे, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचे, चार पोर्ट, काळ्याला दोन. माझ्याकडे जुन्या कामांच्या तीन हार्ड डिस्क आहेत, त्यामुळे मी लगेच रुपेरीकडं झुकले. आणि मग लक्षात आलं की मी निवडलेल्या दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये अडीच इंची डिस्क बसायला जागा एकच. चार पोर्टांत काय लोणचं घालू? तोही मुद्दा गेला. दोघांचं एकेक भूषण गळून पडलं आणि मी होते तिथंच.

मग मला माझा धंदा आठवला. माप घेऊन कागदावर उतरवणं हेच तर मी बावीस वर्षं करतेय.

दोन्ही बोर्डांचे सरळ वरून काढलेले फोटो घेतले, रुंदी बरोबर १७० मिलिमीटर होईल असे लहान-मोठे केले आणि ए-फोरवर छापले. ए-फोरची रुंदी २१०, त्यामुळे बोर्ड आरामात बसला. मायक्रो-एटीएक्स असता, २४४ चा, तर एका कागदात मावला नसता. मागच्या पोर्टांच्या पट्टीचंही ठरलेलं माप असतं, १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर, म्हणून त्या फोटोलाही पक्का आधार मिळाला. सगळं पत्रिकेच्या नमुन्यांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि कटरनं कापलं. एम डॉट टू एसएसडी म्हणून २२ बाय ८० च्या पट्ट्या कापल्या. एरवी दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं लावते, या वेळी स्वतःचं जमवत होते.

आणि पुठ्ठ्यानं जे दाखवलं ते तीन आठवड्यांच्या वाचनात दिसलं नव्हतं.

माझ्याकडे जुन्या मराठी फॉन्ट सॉफ्टवेअरचं डोंगल आहे. यूएसबीत खोचलेलं नसलं तर सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि माझी जुनी सगळी कामं त्याच फॉन्टात आहेत. हे डोंगल म्हणजे अंगठ्याएवढा जाडजूड निळा ठोकळा. तो मी पुठ्ठ्याच्या पट्टीवरच्या यूएसबीच्या चित्रावर आडवा धरला. काळ्या बोर्डावर पोर्ट एकावर एक असे दाटीवाटीनं आहेत की डोंगल कुठंही लावलं तरी शेजारचा एक पोर्ट झाकला जातो. कागदोपत्री सहा, हाताशी पाच. मग मी मोजायला बसले: कीबोर्ड, माउस, डोंगल, स्कॅनर, लेझर प्रिंटर, यूपीएसची वायर. सहा झाले, आणि बॅकअपची डिस्क अजून बाहेरच. रुपेरीला मागं आठ पोर्ट आणि त्यातली एक जोडी जरा सुटी, लॅन पोर्टच्या खाली. डोंगल तिथं लावलं तर सात मोकळे. हब लावता येतो, माहीत आहे. हबवर हे डोंगल कधी ओळखलं जातं, कधी नाही, आणि जेव्हा नाही तेव्हा पत्रिका संध्याकाळी छपाईला जायची असते.

दुसरी गोष्ट एसएसडीच्या पट्टीनं दाखवली. काळ्याचा दुसरा एम डॉट टू बोर्डाच्या पाठीवर आहे. पुठ्ठा कॅबिनेटच्या मापाच्या खोक्यात ठेवला, पाठीमागं पट्टी सरकवली, आणि दिसलं की ती पत्रा आणि बोर्ड यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत बसणार. वारं नाही. एप्रिलमध्ये इथं पारा चाळिशीला टेकतो. शिवाय ती बदलायची तर अख्खा बोर्ड उतरवा. रुपेरीनं दोन्ही एसएसडी पुढच्याच बाजूला एकावर एक रचल्यात, माडी बांधल्यासारख्या. माडीत खालचीला उकडणार, पण निदान चार स्क्रू काढले की हात पोचतो.

माडीच्या डोक्यावर मात्र एक चिमुकला पंखा आहे. तो मला तेव्हाही आवडला नव्हता. अंगठ्याच्या नखाएवढी पाती, एवढा लहान पंखा सगळ्यात आधी रडायला लागतो.

तरीही रुपेरी ठरला, तो एका बटणामुळे. ८६००जी हा बी६५० बोर्डांच्या नंतर आला. बोर्ड गोदामात वर्षभर पडून असला तर त्याच्या बायोसला, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, हा सीपीयू ओळखीचाच नसणार, मशीन चालूच होणार नाही. पुण्यात असते तर कुणाकडून तरी जुना एएम५ सीपीयू तासाभरासाठी उसना आणला असता, बायोस अद्ययावत केलं असतं, परत दिला असता. इथं मी दुकानदाराला विचारलं, एएम५ चा एखादा सीपीयू हाताशी आहे का? तो हसला, आणि आधीच्या पिढीच्या सॉकेटचं सांगितलं. "ताई, एएम४ चे कालच दोन गेले." रुपेरीला मागच्या बाजूला फ्लॅशचं बटण आहे. सीपीयू नसला, रॅम नसली, तरी नुसत्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, पेनड्राइव्हमधून बायोस चढवता येतं. काळ्याला ते नाही. या बटणाचे बाराशे रुपये मी डोळे मिटून दिले.

बोर्ड आला त्या दिवशी सीपीयू न लावताच आधी तेच केलं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव दिलं, खुणेच्या पोर्टात खोचला, बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. आता वीज गेली तर बोर्डाची वीट होणार, म्हणून सगळं यूपीएसवर ठेवलं होतं, तरी नजर सारखी ट्यूबलाइटकडे. पाचेक मिनिटांनी दिवा विझला. मॅन्युअल म्हणत होतं की विझला म्हणजे झालं. मी म्हटलं, विझला म्हणजे मेलाही असेल.

सगळं जोडून पहिल्यांदा चालू केलं आणि पडदा काळाच. पंखे फिरतायत, कीबोर्डचा दिवा लागलाय, पडद्यावर काही नाही. एक मिनिट. दोन मिनिटं. माझा हात बटणाकडं गेला. भाचा ओरडला, "बंद करू नको! डीडीआर५ आहे, पहिल्यांदा रॅम जुळवून घेतंय ते." मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला. बोर्ड रॅमच्या काड्यांशी वेगवेगळे वेळ लावून बघतो, कुठं सूर जुळतो ते. सासूबाईंना वाटलं की आम्ही बिघडवलं. "दुधासमोर उभं राहिलं की दूध वर येत नाही," म्हणून त्या आम्हाला चहाला बोलवायला लागल्या. चहा घेऊन परत आलो तर बायोसचा पडदा आलेला.

काळ्याच्या बाजूनं एवढं म्हणेन की तो घेतला असता तरी काम झालं असतं, आणि शांत झालं असतं. रुपेरीचा तो चिमुकला पंखा रात्री अकरानंतर, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या की, कानाशी डास आल्यासारखा गुणगुणतो. बायोसमध्ये त्याचा वेग कमी करता येतो असं लिहिलं होतं. येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. कंपनीला मेल केली तर उत्तर आलं की हा आवाज सामान्य आहे. त्यांनी गावभागात रात्री मुद्रितं वाचायला बसावं.

परवा रविवारी रंगीत तालीम केली. वायरी काढल्या, यूपीएस खालीच सोडला, खोक्याची मूठ धरली आणि निघाले. वजनकाट्यावर साडेपाच किलो भरलंय, तांदळाच्या पिशवीपेक्षा थोडंच जास्त. जिन्याच्या वळणावर मुद्दाम थांबून बघितलं, कठडा आणि खोका यांच्यामध्ये हातभर जागा. भाचा मोबाइलवर वेळ लावून खाली उभा. टेबलापासून माळ्यापर्यंत दोन मिनिटं चाळीस सेकंद. वर जुना मॉनिटर आहेच, तो जोडला, मशीन चालू केलं, मास्तरांच्या आत्मचरित्राची फाइल उघडायला गेले.

डोंगल सापडत नाही, असा संदेश आला. नेताना धक्का लागून मोडू नये म्हणून मीच ते काढून खाली टेबलावर ठेवलं होतं, पातेल्याचा डाग पडलेल्या त्या काळ्या पुठ्ठ्यावर.