अकरा सेकंदांचा काळोख

"मी बासरी थांबवते, तेव्हा मागे कोण बोलतं रे?"

बाईंनी रिहर्सल थांबवून हे विचारलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि प्रयोग संध्याकाळी सातला होता.

संगीतावर चालणारी दृश्यं करणं हे माझं काम. मंचावर जे वाजतं ते माईकमधून माझ्या लॅपटॉपमध्ये येतं, प्रोग्रॅम ते ऐकतो आणि मागच्या पडद्यावर वलयं, भोवरे, रंगांचे लोट उमटतात. आधी काढून ठेवलेलं त्यात काही नसतं. त्या दिवशीचा कार्यक्रम एकट्या बासरीचा होता. रचनेच्या मध्यावर बाई अकरा सेकंद थांबतात. बासरी ओठांशी तशीच, डोळे मिटलेले. आणि नेमक्या त्या अकरा सेकंदांत माझा पडदा जांभळ्या-हिरव्या भोवऱ्यांनी असा खवळला होता, जसा बासरी वाजत असतानाही खवळला नव्हता.

महिनाभर मी याच रचनेच्या रेकॉर्डिंगवर काम केलं होतं आणि हे एकदाही दिसलं नव्हतं. रेकॉर्डिंगमधली शांतता कुणीतरी कापून साफ केलेली, म्हणजे निव्वळ शून्य. मी हेडफोन लावले आणि बाईंच्या माईकवर काय येतंय ते ऐकलं. एसीची घरघर, प्रोजेक्टरचा पंखा, कपड्याची सळसळ. सभागृह गप्प बसलं तरी रिकामं नसतं.

पण एवढ्याशा आवाजाने चित्र खवळावं का? दोष माझ्या कोडचा होता. माईकमधून आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने, येतात. त्यांतले १०२४ एका वेळी घेऊन, म्हणजे साधारण २३ मिलिसेकंदांचा तुकडा घेऊन, मी त्याची एफएफटी करतो, म्हणजे त्यात कोणते उंच-खालचे सूर किती आहेत ते गणिताने वेगळं काढतो. ४३ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यांत आवाज सुटा होतो, आणि त्या पट्ट्या एकत्र करून खर्ज, मध्य आणि तार असे तीन आकडे मिळतात. हे आकडे मी थेट वापरत नाही. गेल्या काही सेकंदांच्या सरासरीने भागतो, म्हणजे गाणं हळू असो वा मोठं, चित्र सारखंच जिवंत राहतं. ही रीत माझी नव्हे. रायन गाइस यांनी २००१ मध्ये विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी केलेल्या मिल्कड्रॉप या दृश्यांच्या प्रोग्रॅममध्येही आकडे असेच सापेक्ष असतात: १ म्हणजे नेहमीचा आवाज, त्याच्या वर म्हणजे मोठा. शाळेत असताना मी तासन्‌तास ते बघत बसायचो आणि हा धंदा मी त्याच्यामुळेच धरला. पण विनॅम्पवर आम्ही जी गाणी लावायचो त्यांत अकरा सेकंदांची शांतता कुठे असायची? इथे बासरी थांबली की सरासरी घसरत घसरत शून्याजवळ जायची, आणि इतक्या लहान आकड्याने भागलं की एसीची घरघरसुद्धा नगारा होते.

उपाय सोपा निघाला. आवाज एका ठरावीक पातळीखाली गेला की भागाकार बंद, सगळे आकडे शून्य. हे आवाजाला लावलेलं एक दारच. ते उघडायची पातळी बंद व्हायच्या पातळीपेक्षा जरा वर ठेवली, नाहीतर सीमेवरचा आवाज उघडझाप करत राहतो आणि पडदा लुकलुकतो. दार बंद होतानाही हळू व्हायला हवं, नाहीतर विरत जाणाऱ्या सुराची शेपटी मध्येच तुटते. अर्ध्या तासात झालं.

पुन्हा वाजवून पाहिलं. भोवरे थांबले. पडदा मात्र काळा झाला नाही.

त्यावर एक मळकट राखाडी साय उरली होती, विझलेल्या वलयांच्या आकारांची. दुसरा सेकंद, पाचवा, आठवा, ती हलायला तयार नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर मला ती कधीच दिसली नव्हती. अंधाऱ्या सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर ती भिंतीवरच्या ओलीसारखी दिसत होती.

या सगळ्या दृश्यांचा प्राण फीडबॅकमध्ये असतो. मागचं चित्र घ्यायचं, किंचित मोठं करायचं, किंचित फिरवायचं, किंचित मंद करायचं आणि त्यावर नवी रेघ काढायची. सेकंदाला साठ वेळा. रेघ काढतो एकच, पण ती वाहत वाहत बोगदा होते, फूल होते. मंद करण्यासाठी मी प्रत्येक वेळी ०.९८ ने गुणत होतो. त्या हिशेबाने सेकंदानंतर उजेड साधारण ३० टक्के उरतो, आणि २५५ चा पूर्ण पांढरा ठिपका चार सेकंदांत २ वर यायला हवा. मग ही साय कसली?

पडद्याचं चित्र टिपून पिक्सेलचे आकडे वाचले. २४, २४, २३, २४. कुठेही बघा, पंचविसाच्या खालीच, आणि थिजलेले. कागदावर गुणाकार केला: २४ गुणिले ०.९८ म्हणजे २३.५२. मागचं चित्र जिथे साठतं तो बफर आठ बिटांचा, त्यात अपूर्णांक मावत नाही, म्हणून आकडा जवळच्या पूर्णांकावर जातो. तो पूर्णांक पुन्हा २४. मिनिटभर थांबा, तासभर थांबा, तो २४ च राहणार. २३ चंही तेच, १० चंही तेच. माझा प्रोग्रॅम विझू शकतच नव्हता. चार वर्षं मी ही दृश्यं लोकांना दाखवत होतो आणि त्यांच्या तळाशी ही साय होती. वरून सतत काहीतरी ओतत राहिल्यामुळे ती कुणाला दिसली नाही, मलाही नाही. हे कळल्यावर मी काही वेळ नुसता त्या चार आकड्यांकडे बघत बसलो.

बफर सोळा बिटांच्या फ्लोटचा, म्हणजे अपूर्णांक मावतील असा, केला. फुल एचडीच्या एका चित्राला त्यात सुमारे १६.६ मेगाबाइट लागतात, ग्राफिक्स कार्डाला ते काहीच नाही. काळा रंग आला, पण माझे रंग त्या सायीवर उभे होते. ती गेल्यावर तीन प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेल्या दृश्यांच्या मांडण्या, अगदीच हडकुळे दिसू लागले. रेघा जाड केल्या, रंग पुन्हा लावले. त्यात पाच वाजले.

उरला प्रोजेक्टर. त्याचा काळा म्हणजे खरा काळा नसतो, थोडा उजेड झिरपतोच. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मित्राने अकरा सेकंद शटर बंद करून पाहिलं. शटर खट्‌ वाजलं. त्या शांततेत ते खट्‌ सहन होईना, म्हणून तो बेत सोडला.

शेवटच्या रिहर्सलला आणखी एक गोष्ट दिसली. अकरावा सेकंद संपताना, सूर यायच्या आधी, पडद्याच्या मध्यभागी एक फिकट वलय उमटलं आणि मग सूर आला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. बाई श्वास घेत होत्या. माईक ओठांपाशी, त्यामुळे तो श्वास पातळी ओलांडून आत येत होता. दाराची पातळी जरा वर नेली की तो अडला असता. मी मंचावर जाऊन बाईंना विचारलं, काढून टाकू का?

त्यांनी ते एकदा मागे वळून, पडद्याकडे बघत, नुसता श्वास घेऊन पाहिलं. वलय उमटलं, पसरलं, विरलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "एसीचं नको होतं. हा माझा आहे."

संध्याकाळी बासरी थांबली तेव्हा मी लॅपटॉपवरून हात काढून घेतले आणि मनात आकडे मोजू लागलो. चौथ्या सेकंदाला शेवटची निळी रेघ काठाशी पोचून नाहीशी झाली. सभागृहात कुणी हललं नाही. नऊ, दहा. मग काळोखाच्या मधोमध ते वलय उमटलं, आणि माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या एका मुलीने बाईंच्या बरोबरीनेच श्वास आत घेतला.