तीन पायऱ्यांचा हिशेब अखेर लागला

मी करत असलेल्या चाळीच्या प्रतिकृतीत जिन्याचा शेवटचा टप्पा आणि पहिल्या मजल्याची गॅलरी यांच्यात ११ मिलिमीटरचा फरक राहतो आणि तो कशानेही मिटत नाही, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते. गेल्या रविवारी त्याचे कारण सापडले. चूक मापाची नव्हती, लाकडाचीही नव्हती. इतके महिने मी जी जमीन धरून चाललो होतो, ती जमीनच चुकीची होती.

जे नव्याने वाचत आहेत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की प्रतिकृती गिरगावातील तळमजला अधिक तीन मजल्यांच्या लाकडी चाळीची आहे, प्रमाण १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच आहे, आणि इमारत १९३५ च्या सुमारास जशी असावी तशी दाखवायची आहे. ही चाळ फूट आणि इंचांत बांधली गेली, म्हणून तिची प्रतिकृतीही फूट आणि इंचांतच आखावी, या मतावर मी अजून ठाम आहे. ७ इंचांची पायरी ही त्या गवंड्याच्या आणि सुताराच्या डोक्यातली पायरी होती. तिला १७८ मिलिमीटर म्हटले की तिच्यामागचा विचार हरवतो.

घोळ असा होता. आतला जिना मी प्रत्यक्ष टेप लावून मोजला होता. तळमजल्याच्या बोळापासून पहिल्या मजल्यापर्यंत ७ इंचांच्या २० पायऱ्या, म्हणजे १४० इंच. दर्शनी बाजू मात्र आज दुकानांचे शटर, पत्रे आणि पाट्या यांखाली पूर्ण झाकलेली असल्यामुळे ती मी एका रहिवासी कुटुंबाकडील मुंजीच्या जुन्या छायाचित्रावरून आखली होती. त्यात मुख्य दरवाजाची चौकट स्पष्ट दिसते, ती चौकट आजही जागेवर आहे, आणि तिच्या उंचीवरून बाकीची मापे काढता येतात. त्या हिशेबाने गॅलरीची पातळी रस्त्यापासून १६१ इंच येत होती. फरक २१ इंचांचा, म्हणजे प्रतिकृतीत ११ मिलिमीटर.

मी काय काय केले ते थोडक्यात नोंदवतो, कारण याच वाटेने दुसरे कोणी जाऊ नये. आधी छायाचित्रातील लेन्सचा दोष गृहीत धरून दर्शनी भाग पुन्हा आखला, पण वरच्या तिन्ही मजल्यांची मापे बिनचूक जुळत होती आणि लेन्स फक्त तळमजल्यालाच फसवील हे पटण्यासारखे नव्हते. मग पायरीची उंची ८ इंच धरून जिना नव्याने कापला. तो गॅलरीला जाऊन भिडला खरा, परंतु प्रत्यक्षातली प्रत्येक पायरी मी हाताने मोजलेली असताना तो जिना खोटा आहे हे मला माहीत होते, आणि दोन दिवसांनी मी तो काढून टाकला. नंतर २३ पायऱ्या बसवून पाहिल्या, तर मधला चौथरा खिडकीच्या अर्ध्यात आला. लेझरने कापून देणाऱ्यावरही मी संशय घेतला होता. डिजिटल कॅलिपर लावून पाहिल्यावर त्याचे सगळे तुकडे ०.१ मिलिमीटरच्या आत निघाले. त्याच्याविषयी माझी तक्रार फक्त एकच उरली आहे, ती म्हणजे प्लायवूडच्या करपलेल्या कडांची, आणि ती यंत्राच्या पद्धतीतच आहे.

रविवारी चाळीसमोर कसल्याशा वाहिनीसाठी रस्ता खोदलेला होता. मुख्य दरवाजाच्या अगदी पुढ्यात चर गेला होता आणि त्याच्या कडेला डांबराचे थर एकावर एक उघडे पडले होते. त्या थरांच्या खाली काळ्या दगडाची एक कड दिसली. मी कामगारांना विनंती करून माती थोडी बाजूला सारायला लावली. ती पायरी होती. तिच्या खाली दुसरी होती आणि तिच्याही खाली तिसरी. तिन्ही ७ इंचांच्या, घडीव बेसॉल्टच्या, आणि वरच्या पायरीची कड मधोमध इतकी झिजलेली की बोट फिरवले तर खोलगट वाटीसारखी लागावी. तीन गुणिले सात, एकवीस. तिथेच चराच्या काठावर बसून मी वहीत तो आकडा लिहिला आणि त्याभोवती दोनदा गोल काढला.

म्हणजे चाळीचे जोते मूळ रस्त्यापासून २१ इंच उंच होते. थरावर थर चढत रस्ता बोळाच्या पातळीला आला आणि पायऱ्या गाडल्या गेल्या. छायाचित्रात त्या दिसत नाहीत, कारण त्यांच्यापुढे मुंजीला आलेली मुले मांडी घालून ओळीने बसली आहेत. मुले बसली आहेत तो जुना रस्ता, आणि मी मोजत होतो तो आजचा.

अधिक लागून राहिले ते दुसरेच. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला हे पावसाळ्यातच सांगितले होते. "तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की आम्ही शाळेला दांडी मारायचो," हे त्यांचे वाक्य माझ्या वहीत तारखेसह आहे, आणि त्यापुढे मी कंसात 'आतला जिना' असे लिहून ठेवले आहे. पाणी आतल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले असते तर तळमजल्याच्या खोल्या पावणेदोन फूट पाण्यात गेल्या असत्या, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. यापुढे कोणाच्याही आठवणीत आपला कंस घालायचा नाही, असे ठरवले आहे.

उरलेले काम बरे चालले आहे. गॅलरीच्या २४ ब्रॅकेटांपैकी २२ रेझिनमध्ये बुडबुड्यांशिवाय निघाले. रेझिनची बाटली मिसळण्याआधी गरम पाण्यात ठेवल्याने फार फरक पडतो. कठड्याच्या पट्ट्यांसाठी बालसाचे हलके लाकूड वापरू नका, त्याचे तंतू कडेला फुलतात. अस्सल सागवानाचे तुकडेही मी घेतले होते, कारण मूळ इमारत बर्मी सागवानाची आहे, पण या प्रमाणात सागाच्या रेषा फार ठळक दिसतात. हळदूचे लाकूड बारीक पोताचे असते, १ मिलिमीटरपर्यंत न तुटता कापले जाते, आणि वर सागाचा रंग चढवला की डोळा फसतो. पहिल्या मजल्याच्या कड्या, म्हणजे लाकडी तुळया, मी मुळाप्रमाणेच भिंतीतून साडेतीन फूट बाहेर काढल्या आहेत आणि गॅलरी केवळ त्यांच्यावर, गोंदाविना, उभी आहे. ते पाहताना फार समाधान वाटते.

मधल्या चौकाचा, म्हणजे चाळीच्या आतल्या मोकळ्या जागेचा, बेत मात्र हे लिहीत असतानाच बदलतो आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई शहराच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला होता, हे आपण मागे बोललोच आहोत. खोलीच्या बाहेरच्या भिंतीपासून त्या कोनात वर काढलेली रेषा मोकळ्या आकाशाला भिडली पाहिजे, म्हणजेच समोरच्या बांधकामाच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर मोकळे पाहिजे. आजवर मी चौकाच्या भिंती चुकून ४५ फूट धरत होतो. जोत्यापासून खरी उंची सुमारे ४३ फूट आहे आणि चौक १४ फूट रुंद. त्यामुळे नियमाप्रमाणे उजेड रुंदीच्या दुप्पट, म्हणजे वरच्या २८ फुटांनाच मिळतो आणि खालचे १५ फूट अंधारात राहतात. पहिल्या मजल्याची जमीन जोत्यापासून ११ फूट ८ इंचांवर आहे, म्हणजे उजेडाची सीमा तिच्या वर ३ फूट ४ इंचांवर, जवळजवळ खिडकीच्या उंबऱ्याशीच येते. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोल्यांत चूल भिंतीपाशी न ठेवता खिडकीला चिकटून का ठेवलेली असे, हे मला आता कळते.

हे प्रतिकृतीत दाखवायचेच. आधी ६३.५ अंशांत एक छोटा दिवा तिरका बसवायचा विचार होता, परंतु तो सूर्य झाला असता, आणि ऑर यांचा नियम उन्हाविषयी नाही, आकाशाच्या उजेडाविषयी आहे. म्हणून चौकाच्या वर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरून त्याच्यामागे दिवे लावीन. त्यासाठी मागची बाजू निघती ठेवावी लागेल, तेव्हा ती चिकटवायचे काम थांबवले आहे.

बीडीडी चाळीची प्रतिकृती का नाही, असे एकाने विचारले होते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) त्या काँक्रीटमध्ये बांधल्या, मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या अशा. त्यांचा इतिहास मोठा आहे, पण मला हात घालायचा आहे तो लाकडी गॅलरीत आणि तुळया-फळ्यांच्या कडीपाटात.

आता आधी तीन पायऱ्या. त्या लाकडाच्या करणार नाही. पाटीच्या काळ्या दगडाचे तुकडे आणले आहेत, प्रत्येक पायरीची उंची ३.७ मिलिमीटर, आणि वरच्या पायरीची कड मधोमध गोल कानशीने झिजवायची आहे. चर बुजवण्याआधी त्या झिजेवर मेण दाबून मी तिचा साचा घेतला आहे. तो माझ्या टेबलावर, आतल्या जिन्याशेजारी, ठेवला आहे.