घामाच्या ॲलर्जीची रक्ततपासणी: माझा अनुभव

मी मूळची चिपळूणची, सध्या नोकरीमुळे हिरोशिमात राहते. एक्झिमा लहानपणापासूनचा. कोपरांच्या आतली बाजू, गुडघ्यामागची लवण आणि मान, ही त्याची ठरलेली ठिकाणं. घाम आला की आधी चुणचुणायचं, मग खाज, मग रात्रभर खाजवणं. आई आमसुलाचं पाणी लावायची. डॉक्टर सांगायचे, "घाम येऊ देऊ नका." मे महिन्यात कोकणात राहणाऱ्या माणसानं हे कसं पाळायचं?

हिरोशिमातला जून-जुलैही तसाच दमट. त्या दिवसांत त्रास फार वाढला, तेव्हा घराजवळच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. इथे तिला 'शोकाइजो' म्हणतात. ती नसेल तर मोठी रुग्णालयं पहिल्या भेटीला नेहमीच्या फीवर किमान ७,००० येन जादा घेतात, म्हणून ती आठवणीनं मागून घ्यावी.

तिथल्या डॉक्टरांनी सुई टोचण्याआधी प्रश्नच खूप विचारले. खाज घाम येताना सुटते की वाळल्यावर? गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर किंवा तिखट खाल्ल्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठतात का? तशा उठत असतील तर तो कोलिनर्जिक अर्टिकेरिया, म्हणजे घामाबरोबर अंगावर पित्त उठणं, असू शकतो. मला गांधी उठत नव्हत्या.

मग तपासणी. आपल्याकडे धूळ, परागकण, शेंगदाणे यांचं जे ॲलर्जी पॅनेल करतात, त्यात घाम नसतो. इथे रक्तातल्या बेसोफिल पेशी वापरतात. पांढऱ्या पेशींमध्ये त्या एक टक्क्याहूनही कमी असतात, पण त्यांच्या अंगावर आपली आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं चिकटलेली असतात. त्यांना घामातून शुद्ध केलेला घटक दाखवायचा आणि त्या किती हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारं रसायन, सोडतात ते मोजायचं. पेशी जिवंत हव्यात, म्हणून रक्त ताजं लागतं आणि प्रयोगशाळेच्या सोयीचा दिवस गाठावा लागतो. काहींच्या पेशी कशालाच दाद देत नाहीत. अशा वेळी तपासणीतून निष्कर्ष काढता येत नाही.

मला सर्वांत मोठा दिलासा गोळ्यांचा होता. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी खाजेच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, आणि ते दिवस नरकाचे असतात. या तपासणीसाठी मला त्या बंद कराव्या लागल्या नाहीत. त्या गोळ्या हिस्टामिनचा परिणाम अडवतात, पेशीतून ते सुटणं मोजायला त्यांचा अडथळा होत नाही.

अहवाल पॉझिटिव्ह आला. घाम स्वतः गुन्हेगार नाही, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. आपल्या सर्वांच्या त्वचेवर मॅलॅसेझिया ग्लोबोसा नावाची बुरशी असते. तिचं एक प्रथिन घामात मिसळतं आणि फाटक्या, कोरड्या त्वचेतून आत शिरतं. हिरोशिमा विद्यापीठातल्याच संशोधकांनी २०१३मध्ये ते ओळखून दाखवलं. त्याचं नाव एमजीएल १३०४. एक्झिमा असलेल्या पुष्कळ जणांची ही तपासणी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे नुसत्या कागदावरून "सगळा दोष घामाचा" असं ठरवू नका, असंही त्यांनी बजावलं. माझ्या तक्रारींशी ती जुळत होती, म्हणून तिला अर्थ होता.

उपचार फारसा बदलला नाही. मलम तेच, मॉइश्चरायझर तेच. बदलला तो सल्ला: घाम येऊ द्या, पण अंगावर वाळू देऊ नका. शक्य असेल तर लगेच साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर ओल्या फडक्यानं टिपून घ्या, चोळू नका, आणि वर मॉइश्चरायझर लावा. व्यायामावर बंदी नाही. वर्षानुवर्षं घाबरून घरात बसलेल्या मला हे ऐकून रडू आलं.

महाराष्ट्रात कुणी विचारत असेल तर: मॅलॅसेझियाची स्वतंत्र आयजीई तपासणी असते, पण ती आणि ही एक नव्हे. प्रयोगशाळेत पैसे भरण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना एवढं विचारा, की अहवाल काहीही आला तरी माझ्या उपचारात काय बदलणार आहे?